बाबांपुढे दिवा चालत नाही

राहाता,
२३ ऑक्टोबर १९७२

सहादेव,

मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला पत्र लिहिताना वर आशीर्वाद लिहायचा असतो. ती जागा मी कोरी सोडली आहे. आई गेल्यापासून तुला हे पहिलंच पत्र, तेव्हा कारण विचारू नकोस.

मी हरले, एवढं सांगायला लिहिते आहे. आपल्या धाकट्या छबूने सुई बंद केली. नगरच्या दवाखान्यातून तिची क्षयाची औषधं चालू होती, इंजेक्शनं चालू होती. ताप उतरला होता, गालावर थोडं मांस धरलं होतं. मग ती सासरच्या गावी, बेलापूरच्या माळावर, तुझ्या मठात आली. तू तिच्या कपाळाला बोट लावलंस, चट्‌ करून ठिणगी उडाली आणि तू म्हणालास की आता सुईची गरज नाही. हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं. आईनेही असंच हसत सांगितलं होतं. "सहादेवाच्या बोटात देव हाय गं राही," म्हणाली होती. चैत्रात तिला आपण पोचवलं. स्मशानात तू भगवी शाल पांघरून उभा होतास आणि लोक आईला सोडून तुझ्या पाया पडत होते. ते मी विसरले असेन असं तुला वाटत असेल, तर वाटू दे.

छबूशी भांडून मी थकले. तिचा नवरा गोरक्ष दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडतो, त्याच्यात वाद घालायचं त्राण उरत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, नववीच्या पोरी माझं ऐकतात, पण सख्खी बहीण ऐकत नाही. म्हणते, "आक्का, तू पुस्तकातलं बोलतीस. दादाचं बोट म्या सोताच्या कपाळाला सोसलंय."

तिची एकच इच्छा आहे. भाऊबीजेला आम्ही दोघी बहिणींनी मठात येऊन तुला ओवाळावं. येऊ आम्ही. तुझ्यासमोर दिवा, उदबत्ती, धूप काही चालत नाही हे मी ऐकून आहे. 'बाबा सोताच ज्योत हायेत' म्हणे. नियम पाळू. ताटात कुंकू, अक्षता आणि सुपारी, एवढंच आणू.

लोकांसमोर आम्हाला परत पाठवू नकोस. भाऊबीजेला बहिणीला दारातून लावून देणारा बाबा लोकांना रुचणार नाही. तुझा धंदा तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

राही


राहाता,
११ नोव्हेंबर १९७२

सहादेव,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. निरांजन ताटातच होतं, सुपारीच्या शेजारी, पाच वातींचं, तूप घालून तयार. काडेपेटी गोरक्षच्या खिशात होती. त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, त्याला वाटलं मी विसरेन म्हणून त्याच्याकडे दिली.

ज्या दिवशी मला कळलं की तुझी आरती होत नाही, त्या दिवशी मला सगळं कळलं. महाराज म्हटला की आरती आलीच. आरतीला नको म्हणणारा बाबा सगळ्या जिल्ह्यात तू एकटा. लोकांना त्यात तुझा साधेपणा दिसला. मला आपल्या आप्पांच्या गाण्याच्या फोनोची तबकडी दिसली.

तुला आठवत नसेल तर मी आठवण देते. आप्पा वारले तेव्हा फोनो विकला गेला आणि दोन तबकड्या घरात उरल्या. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी त्यातल्या एकीचं यंत्र केलं. तबकडी लाखेची, तिला धनगरी घोंगडीने घासायचं. वर पितळी ताटली ठेवायची, तिला दांडा म्हणून काचेची बाटली चिकटवलेली. ताटलीला एकदा बोट लावायचं आणि बाटलीला धरून उचलायची. मग बोट जवळ नेलं की चट्‌. तबकडीवर ऋण प्रभार, ताटलीवर धन प्रभार, आणि एकदा घासलं की पुन्हा पुन्हा ठिणगी. आठवतं? प्रदर्शनात हेडमास्तर आले तेव्हा ताटली तू उचललीस आणि बक्षीस तुला मिळालं. त्याच प्रदर्शनात कुणीतरी शेजारी मेणबत्ती लावली आणि ठिणगी येईना, तेव्हा रडकुंडीला आला होतास. ज्योतीच्या आसपासची हवा प्रभार पळवून नेते, हे तुला मी तिथेच समजावलं होतं. तू ते बरं लक्षात ठेवलंस.

आता मठात मी काय पाहिलं ते ऐक. तुझ्या चौरंगाचे चार पाय काचेच्या चार जाड पेल्यांत ठेवलेले, वर भगवं कापड. म्हणजे तुझ्या अंगावर आलेला प्रभार जमिनीत उतरायला वाटच नाही. पाठीमागे पडदा. पडद्यातून एक बारीक तार तुझ्या कमरेच्या साखळीपर्यंत आलेली. पडद्याआड तुझा शिष्य बन्सी तबकडीवर घोंगडी घासत होता. भजन थांबलं की खसखस ऐकू यायची. दुष्काळाने हवा अशी कोरडी ठणठणीत केली आहे की यंदा तुला देव अगदी जोरात प्रसन्न आहे. एवढा मोठा चमत्कार आणि त्याचं निम्मं श्रेय न पडलेल्या पावसाचं.

छबूने आधी तुला कुंकू लावलं. तिचं बोट कपाळाला टेकायच्या आत ठिणगी उडाली. लोकांनी जयजयकार केला. छबूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी काडी ओढली.

बन्सी पडद्याआडून धावत आला. "ताई, दिवा म्हागं घ्या. बाबांपुढं ज्योत चालत न्हाई."

मी म्हटलं, "भाऊबीजेला भावाला दिव्याबिगर ओवाळायचं, आसं कुन्या शास्तरात लिवलंय?"

मला वाटलं होतं मला भांडावं लागेल. नाही लागलं. पहिल्या रांगेतली ती साळूबाई, जिने तुला चांदीच्या खडावा दिल्या, तीच उठून म्हणाली, "बहिनीचा मान हाय त्यो. ओवाळू द्या की. बाबा झाले म्हून काय भाऊ न्हाई ऱ्हायले?" सगळ्या बाया माना डोलावू लागल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेसाठी मी चैत्रापासून थांबले होते. तुला उठता येईना, कारण खाली पाय टेकला असता तरी प्रभार गेलाच असता. तुला नाही म्हणता येईना, कारण समोर शंभर बहिणी बसल्या होत्या.

मी छबूला म्हटलं, "सावकाश ओवाळ." तिने सावकाश ओवाळलं. मग ताट तुझ्या चौरंगाच्या कडेला, तुझ्या गुडघ्याशी ठेवायला लावलं. पाचही वाती छान तेवत होत्या. छबूने प्रसादासाठी कपाळ पुढे केलं. तू बोट लावलंस. काही नाही. पुन्हा लावलंस. काही नाही. पडद्याआड बन्सी घामाघूम होऊन घासत असणार, खसखस खसखस, आणि तो घासेल तेवढं माझं निरांजन घेऊन जात होतं. शेवटी मठात एवढी शांतता झाली की मागून कुणीतरी विचारलं, "आतमधी कोन दळतंय?"

इथपर्यंत मला जे हवं होतं ते झालं. इथून पुढे तू जे केलंस त्याबद्दल हे पत्र आहे.

तू दिव्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. ठिणगी का गेली ते तुला पक्कं ठाऊक होतं. आणि तू बोट उचलून छबूकडे दाखवलंस. म्हणालास, "रोगट हात कपाळाला लागला. शक्ती बाटली."

सख्खी बहीण, सहादेव. तिने आत्ताच तुला ओवाळलं होतं.

तिने ते खरं मानलं. तिच्या बोटाला ठिणगी आली आणि त्यानंतर आलीच नाही, हे तिने स्वतः पाहिलं होतं. बाया तिच्यापासून लुगडी आवरून सरकल्या. गोरक्षने तिला खांद्याशी धरून बाहेर आणलं. रस्त्याने ती आपला उजवा हात पदरात गुंडाळून चालत होती, कुणाला लागू नये म्हणून.

मला फक्त तुझं हसं करायचं होतं. आता तेवढ्यावर भागणार नाही.

राही


राहाता,
१६ डिसेंबर १९७२

सहादेव,

छबूला मी माझ्याकडे आणली आहे. नववीच्या पोरींना मी शिकवते की दोन प्रभारांतलं अंतर दुप्पट केलं की त्यांच्यातला जोर चौथाई होतो. बेलापूर ते राहाता तेवढं अंतर पुरेल असं वाटलं होतं. नाही पुरलं. इथेही ती तुझंच नाव घेत होती. जेवत नव्हती. सुईचं नाव काढलं की म्हणायची, "माझ्यामुळं दादाचा देव गेला, आता मला कशाला जगवतीस?" ताप पुन्हा चढला. खोकताना रुमाल लपवू लागली. आईने लपवला होता तसाच.

म्हणून मी गोरक्षला तुझ्याकडे पाठवलं. स्वतःचा अभिमान गिळून पाठवलं, हे तुलाही कळलं असेल. तुझ्याकडे एकच मागणं होतं. इथे ये आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की ठिणगी दिव्याने गेली. तुला मठ सोडायला सांगितलं नव्हतं. लोकांसमोर सांग असंही म्हटलं नव्हतं. माझ्या या खोलीत, दार लावून, बहिणीच्या कानात एक वाक्य.

तू बन्सीकरवी निरोप दिलास, "छबूबाईनी अनवानी मठाला फेऱ्या घालाव्या, मंग बाबा इचार करतील." अंगात ताप असलेल्या, रक्त पडणाऱ्या बाईने. गोरक्ष हा निरोप मला सांगताना खाली बघत होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही मान का खाली घालता, मान खाली घालायला हवी तो दुसराच आहे.

त्या दिवसापासून मी तुझी बहीण म्हणून काही मागायचं बंद केलं. तुला माहीत नाही अशी एक गोष्ट सांगते. आप्पांची दुसरी तबकडी माझ्याकडे आहे.

गेल्या रविवारी भर दुपारी छबूची बाज अंगणात उन्हात टाकली. तबकडी, घोंगडी, बाटलीची ताटली, सगळं तिच्यासमोर मांडलं. तिने तोंड फिरवलं. मी घोंगडी तिच्या हातात दिली तर हात मागे घेतला. म्हणाली, "नगं आक्का. माझा हात बाटलाय."

मी म्हटलं, "मंग बाटलेल्याच हातानं घास. बघू काय व्हतंय."

मला बरं वाटावं म्हणून तिने घासली. अंगात ताकद नव्हती, थांबून थांबून घासली. ताटली ठेवली आणि तशीच उचलली. काही आलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, जणू तिचंच म्हणणं खरं ठरलं. मी म्हटलं, "आगं, उचलायच्या आधी ताटलीला बोट लावायचं. न्हाईतर काईच येत न्हाई. पुन्यांदा कर." तिने बोट लावलं, डाव्या हाताने ताटली उचलली, उजव्याचं बोट जवळ नेलं.

चट्‌ झालं, सहादेव. तिच्या त्याच उजव्या हातातून.

तिने हात झटकला. बोटाकडे बघत बसली. मग मला न विचारता ताटली ठेवली, बोट लावलं, उचलली. चट्‌. पुन्हा. "न घासता येतंय?" म्हणाली. मी म्हटलं, एकदा घासलं की किती वेळ पुरतं ते तुझ्या दादाला विचार.

मग मी घरातून भाऊबीजेचं तेच निरांजन आणलं आणि लावून जवळ ठेवलं. ताटली उचलली, ठिणगी नाही. छबूने स्वतः निरांजन उचलून लांब चुलीपाशी नेऊन ठेवलं. ठिणगी आली. परत आणलं. गेली. हे तिने किती वेळा केलं मी मोजलं नाही. ऊन उतरलं तरी तिचं चालूच होतं. मी मध्ये बोलले नाही, कारण वर्गात पोरगी स्वतः शोधत असली की मास्तरणीने तोंड बंद ठेवायचं असतं.

शेवटी तिने ताटली खाली ठेवली आणि विचारलं, "आईलाबी ह्येच दिलं का त्यानं?"

मी म्हटलं, "व्हय."

ती रडली नाही. घोंगडीची नीट घडी घातली. म्हणाली, "आईनं जाताना माझा हात धरला नव्हता. दादाचंच बोट मागत हुती." आणि थोड्या वेळाने, "नगरची यष्टी सकाळी कवा हाय?"

सोमवारी पहाटे आम्ही दोघी नगरला गेलो. डॉक्टर मला बरंच रागावले, मी ऐकून घेतलं. सुई पुन्हा सुरू झाली आहे. वाचेल का, असं विचारलं तर म्हणाले, उशीर झालाय, पण आता एक दिवस चुकवला नाही तर वाचेल. मी डोळ्यांत तेल घालून बसले आहे. तुझे निरोप आता माझ्या दारापर्यंतच येतील, छबूपर्यंत नाही.

राही


राहाता,
रथसप्तमीचा दुसरा दिवस, फेब्रुवारी १९७३

सहादेव,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत तुझं पहिलं पत्र आणि दोन ओळी. "आक्का, छबूला थांबव. मी कुठे जाऊ?" तुझं अक्षर अजून तसंच आहे, घाईत 'क्का' मोडतोस.

थांबवायला आता फार उशीर झाला. पण बेलापुरात काय झालं ते तुला बन्सीने अर्धवट सांगितलं असेल, म्हणून पूर्ण लिहिते. वाचताना तुला जे वाटेल त्यासाठीच लिहिते, हेही लपवत नाही.

संक्रांतीनंतर छबूचा ताप गेला. डॉक्टरांनी चार दिवस बेलापूरला सासरी जायची मोकळीक दिली, तोंडावर पदर बांधून, आणि सुई द्यायला गावातल्या नर्सबाईंना चिठ्ठी दिली. छबूने तिथे हळदीकुंकू करायचं ठरवलं. मी विचारलं, वाण काय देणार? म्हणाली, "दुष्काळात कुनाला काय देनार? ठिनगी देते."

मी गंमत समजले. तिने आप्पांची तबकडी पिशवीत घातली.

तिच्या ओसरीवर अर्धं गाव जमलं. भाऊबीजेला लुगडी आवरून सरकलेल्या बायासुद्धा आल्या, काहीजणी नुसत्या बघायला. छबूने हळदीकुंकू लावलं आणि एकेकीला तबकडीपाशी बसवलं. स्वतः कुणालाही ठिणगी दिली नाही. घोंगडी त्यांच्याच हातात दिली. "तुमी घासा. आता बोट लावा. आता उचला." प्रत्येकीच्या बोटाला प्रत्येकीची स्वतःची ठिणगी. मग निरांजन लावलं, ठिणगी गेली. विझवलं, ठिणगी आली. तिने तुझं नाव एकदाही घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही.

साळूबाईचा नंबर आला तेव्हा मी दाराशी उभी होते. तिने घासलं, उचललं, चट्‌ झालं. तिने बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. मग म्हणाली, "म्या चांदीच्या खडावा दिल्या, आन देव घोंगडीत हुता व्हय?"

सहादेव, या दुष्काळात मला तेव्हा पोटभर गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्या रात्रीपासून बेलापुरात घोंगड्यांना विश्रांती नाही. ज्यांच्याकडे तबकडी नाही त्यांनी कंगवे घेतले, कागदाचे कपटे उडवले. पोरी आज्यांच्या नाकाला ठिणग्या देतात. दुसऱ्या दिवशी तुझ्या मठात म्हणे सात माणसं होती आणि त्यातल्या एकाने तुला विचारलं, "बाबा, तुमची तबकडी मोटी हाय का लहान?" बन्सी तिसऱ्या दिवशी निघून गेला. जाताना घोंगडी घेऊन गेला. "ही माझी सोताची हाय," म्हणाला.

आता तुझा प्रश्न. कुठे जाऊ?

तुला वाटत असेल आक्का म्हणेल, तोंड काळं कर, लांब जा. नाही. अंतर वाढलं की जोर कमी होतो, हे मी तुला मागे लिहिलं होतं. मला तो कमी व्हायला नको आहे. तू बेलापुरातच राहावंस. पाणी भरायला जाणाऱ्या बाया तुला रोज दिसाव्यात आणि त्यांनी तुझ्या पाया न पडता, तुला न हसता, शेजारच्या माणसाकडे बघावं तसं तुझ्याकडे बघून पुढे जावं. मला एवढंच पाहिजे. तुला शिव्या मिळाल्या असत्या तर त्यातही तुझा थोडा मोठेपणा राहिला असता.

मी माफ केलेलं नाही. आईचं हसू आठवलं की माझे दात अजून आवळतात. एकाच जातीचे दोन प्रभार एकमेकांना दूर लोटतात, आणि आपण दोघं एकाच जातीचे, हट्टी आणि डूख धरणारे. माझ्याकडून तू काही अपेक्षा ठेवू नकोस.

पण तुझं पत्र मी छबूला वाचून दाखवलं. दाखवायचं नव्हतं. पाकीट तिच्या हाती लागलं म्हणून दाखवावं लागलं. ती बाजेवर बसून शेंगा सोलत होती. वजन वाढलं आहे तिचं, बांगड्या आता कोपरापर्यंत घसरत नाहीत. ऐकून घेतलं आणि हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "त्याला लिव. येत्या भाऊबीजेला ये म्हनावं. मी ओवाळीन."

मी म्हटलं, "छबे, त्यानं तुला मारलं असतं."

"व्हय," ती म्हणाली. "म्हून तर बोलावते. दिवा मोटा लावीन. त्यानं पाट जमिनीवर टाकून बसायचं, पेले नगंत, आन सगळ्यांम्होरं आईचं नाव घेऊन सांगायचं की तुझी सुई म्या बंद केली. मंगच कुंकू लावीन."

मी तिला सांगितलं की तो येणार नाही. ती म्हणाली, न आला तर ताट त्याच्या मठाच्या दारात नेऊन ठेवीन, पेटलेलं.

हा तिचा निरोप. माझा वेगळा काही नाही. पाट काढून ठेवला आहे, चारही पाय जमिनीला नीट टेकतात, मी हलवून पाहिलं.

वर आशीर्वादाची जागा याही वेळी कोरी आहे, ते तुला दिसलं असेलच.

राही